दार ठप्प वाजतं, आवाज मात्र डिकीतून येतो

गाडी सहा-सात वर्षांची, पेट्रोलवर चालणारी, गडद निळ्या रंगाची साधी हॅचबॅक. टायर १७५/६५, चाक १४ इंची. मालक माझा आतेभाऊ, म्हणजे दादा, जालन्यात बी-बियाण्यांचं दुकान चालवतो. मुलगी नागपूरला दिलेली. डिसेंबर २०२२मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी टप्पा खुला झाला, तेव्हापासून नागपूरच्या फेऱ्या वाढल्या आणि या गाडीचं बरंचसं आयुष्य काँक्रीटवर जाऊ लागलं. तक्रार एवढीच की काटा शंभरकडे सरकला की मागे बसलेल्या आत्याला पुढचं बोलणं कळत नाही आणि तिचं बोलणं पुढे पोचत नाही. आत्याच्या शब्दांत सांगायचं तर, "मागं नुसतं घुंऽऽ चालू राहतं, तुमची तोंडं हलताना दिसतात तेवढी."

माझ्यापर्यंत प्रकरण आलं तेव्हा त्यावर एक इलाज होऊन गेला होता. दादाने ॲक्सेसरीजच्या एका दुकानातून चारही दारांना 'डॅम्पिंग' करून घेतलं होतं, म्हणजे पत्र्याची थरथर मारणाऱ्या शीट आतून चिकटवून घेतल्या होत्या. दार लावलं की पूर्वी पत्र्याच्या डब्यासारखं वाजायचं, ते आता महागड्या गाडीसारखं ठप्प वाजू लागलं. दुकानाच्या दारात उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला एवढा पुरावा पुरतो. समृद्धीवर मात्र घुंऽऽ जसंच्या तसं. वर मे महिन्यात गाडी नागपुरात दिवसभर उन्हात राहिली तेव्हा आत डांबराचा वास भरला आणि उजवीकडच्या मागच्या दारात काहीतरी घसरून खाली पडल्याचा आवाज आला. दुकानदाराचं म्हणणं, दारं झाली, आता छप्पर आणि तळ करून घ्या म्हणजे फरक पडेल. दादा पैसे काढायच्या बेतात होता. मी म्हटलं, आधी आवाज कुठून येतो ते तरी बघू.

दारं का उपयोगी पडली नाहीत, याचं उत्तर डेसिबलच्या बेरजेत आहे. ही बेरीज साध्या अंकांसारखी होत नाही. समजा चाकांकडून येणारा आवाज ७० डेसिबल आणि दारांच्या पत्र्यातून येणारा ६०. दोन्ही मिळून १३० होत नाहीत, ७०.४ होतात. आता दारांचा आवाज पूर्ण बंद केला, अगदी शून्यावर आणला, तरी उरतात ७०. पैसे गेले आणि फरक पडला ०.४ डेसिबलचा, जो कोणाच्याही कानाला कळत नाही. अगदी सारख्या ताकदीच्या दोन आवाजांतला एक बंद केला तरी कमी होतात तीनच डेसिबल, म्हणजे लक्ष देऊन ऐकणाऱ्याला जाणवेल इतपत. आवाज निम्मा झाल्यासारखा वाटायला साधारण दहा डेसिबल उतरावे लागतात. म्हणून सगळ्यात मोठा आवाज कोणता हे ठरवल्याशिवाय शीटचा एक तुकडाही चिकटवायचा नाही, एवढी अट मी घातली.

शोध घ्यायला साधनं फार लागली नाहीत. फोनवर आवाजाच्या पट्ट्या, म्हणजे कोणत्या कंपनसंख्येला आवाज किती ते, दाखवणारं ॲप आणि शेजारी बसून ते बघणारा माणूस. गाडी चालवणाऱ्याने फोनला हात लावायचा नाही आणि समृद्धीवर मध्येच गाडी थांबवायची नाही. फोन मोजतो तो आकडा प्रयोगशाळेचा नसतो, पण तोच फोन त्याच जागी ठेवून आधीचं आणि नंतरचं मोजलं तर त्यातला फरक बऱ्यापैकी विश्वासाचा असतो. आणखी एक खोच आहे. बहुतेक ॲप 'ए' भारांकनाने मोजतात, म्हणजे माणसाच्या कानाच्या कलाप्रमाणे खालच्या पट्टीतले आवाज वजा करून दाखवतात. १०० हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला शंभर कंपनांच्या आवाजाला, ही वजाबाकी १९ डेसिबलची असते, ५० हर्ट्झला तर ३० ची. छातीत घुमणारा आवाज आकड्यात दिसतच नाही आणि माणूस म्हणतो, मीटर तर काहीच सांगत नाही, मग डोकं का दुखतं? त्यामुळे एका आकड्यावर न थांबता पट्ट्या बघायच्या.

पहिली शंका इंजिनाची. मोकळ्या सरळ रस्त्यावर, मागेपुढे कोणी नसताना, नव्वदच्या वेगाला काही क्षण क्लच दाबला. इंजिनाचे फेरे पडले, आवाज तसाच राहिला. इंजिन सुटलं.

दुसरी शंका व्हील बेअरिंगची, आणि ती आधी मिटवायलाच हवी, कारण खराब बेअरिंगसुद्धा असंच घुमतं आणि तो प्रश्न आवाजाचा नसून जिवाचा असतो. लांब वळणावर किंवा लेन बदलताना घुमणं एका बाजूला वाढतं, दुसऱ्या बाजूला कमी होतं का, हे ऐकायचं. मग गाडी जॅकवर घेऊन चाक हाताने फिरवून बघायचं. मिस्त्रीने चारही चाकं बघितली, बेअरिंग ठीक निघाले.

मग गावाजवळच्या गुळगुळीत डांबरी पट्ट्यावर त्याच वेगाने गाडी नेली. आवाज इतका उतरला की आत्या आपणहून बोलायला लागली. गाडी तीच, वेग तोच, वारा तोच, बदलला फक्त रस्ता. म्हणजे मुख्य गुन्हेगार टायर आणि रस्ता यांच्या मधला.

समृद्धीवरच्या पट्ट्यांनी पुढचं सांगितलं. ८०, ९०, १०० असा वेग वाढवत नेला तेव्हा एक उंचवटा जागचा हलला नाही, २३० ते २५० हर्ट्झच्या आसपास ठाण मांडून बसला. दुसरा वेगाबरोबर वर सरकत गेला आणि शंभरला तेरा-चौदाशे हर्ट्झवर पोचला. या दोघांची ओळख पटवणं सोपं आहे. टायरच्या आत कोंडलेली हवा ही एक गोल नळी असते. या मापाच्या टायरमध्ये त्या नळीचा मधला घेर भरतो जेमतेम दीड मीटर. आवाज हवेत सेकंदाला ३४३ मीटर धावतो, म्हणून ही नळी २३० हर्ट्झला घुमते, टायर तापला की थोडी वर. वेगाशी तिचा संबंध नाही, म्हणून तो उंचवटा हलत नाही. दुसरा आवाज काँक्रीटच्या आडव्या रेघांचा. ओल्या रस्त्यावर पकड राहावी म्हणून काँक्रीट ओलं असतानाच त्यावर खाचा पाडतात. शंभरच्या वेगाला गाडी सेकंदाला २७.८ मीटर जाते. खाचा दोन सेंटिमीटरवर असतील तर टायर सेकंदाला १,३९० वेळा त्यांवर आपटतो. शिवाय स्लॅबचे सांधे. आपल्याकडे ते साधारण साडेचार मीटरवर असतात, म्हणजे सेकंदाला सहा टकटकी. तिन्ही आवाज एकाच रस्त्याचे, पण गाडीत शिरायच्या वाटा वेगळ्या. घुमणं चाकातून, ॲक्सलमधून, सस्पेन्शनमधून पत्र्यात उतरतं आणि पत्रा लाउडस्पीकरचं काम करतो. खाचांची शीळ मात्र हवेतून येते. जिथे भोक, फट किंवा पातळ आवरण दिसेल तिथून आत.

या शिळेनेच आत्याचं बोलणं बंद पाडलं होतं. बोलण्यातले स्वर खालच्या पट्टीत असतात, पण शब्द ओळखू येतो तो स, श, च, त, क यांच्यासारख्या व्यंजनांमुळे, आणि त्यांचा बराचसा भाग एक ते चार हजार हर्ट्झमध्ये पडतो. वयोमानाप्रमाणे कान आधी याच वरच्या भागात मंद होत जातात. दादाला त्रास होत होता घुमण्याचा, आत्याला शिळेचा. दोघं एकाच आवाजाबद्दल बोलतोय असं समजत होते.

मागच्या सीटवर मी स्वतः बसलो तेव्हा एक गोष्ट डोळ्यांनीच दिसली. डिकीवरचा पार्सल ट्रे जागेवर नव्हता. बियाण्यांच्या थैल्या उभ्या मावाव्यात म्हणून तो कधीचा काढून दुकानाच्या माळ्यावर टाकला होता. हॅचबॅकमध्ये डिकी आणि माणसं यांच्यामध्ये भिंत नसते. मागच्या चाकांच्या कमानी डिकीत उघड्या पडतात आणि त्यांच्यावर असतं एक पातळ फेल्ट. सीटमागे डोकं टेकलेल्या माणसाच्या कानापासून ती कमान हातभर अंतरावर. खाली वाकून चाकाच्या बाजूने पाहिलं तर पुढच्या चाकांना प्लास्टिकचं लायनर होतं, मागच्यांना नव्हतं, नुसता रंगवलेला पत्रा. स्वस्तातल्या बऱ्याच गाड्यांमध्ये ही काटकसर असते.

टायरवर तळहात फिरवला. पुढून मागे हात गुळगुळीत जातो, उलट दिशेने करवतीसारखा अडतो. मागच्या दोन्ही टायरांची नक्षी अशी दातेरी झिजली होती, चाकांची अदलाबदल वर्षानुवर्षं केलेली नसली की असं होतं. टायरच्या कडेवर चार आकड्यांचा शिक्का असतो, पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. त्यावरून टायर गाडीइतकेच जुने निघाले. हवा होती ३८ पीएसआय, कारण कोणीतरी सांगितलेलं की ॲव्हरेज वाढतं. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरचं स्टिकर सांगत होतं ३३. फुगवलेला टायर टणक होतो आणि रस्त्याचा प्रत्येक दणका पत्र्याकडे पाठवतो. पण उलट टोकही नको. आवाज कमी व्हावा म्हणून स्टिकरच्या खाली हवा उतरवली तर लांब पल्ल्याच्या तापल्या काँक्रीटवर टायर जास्त लवतो, जास्त तापतो आणि फुटण्याची वाट धरतो. टायर थंड असताना स्टिकरचा आकडा, यात घासाघीस नाही.

म्हणून पहिला खर्च टायरांवर झाला, आणि तो तसाही होणारच होता. समृद्धीवर अशा वयाचे टायर घेऊन आईला मागे बसवून जाऊ नये, हे मी दादाला स्पष्ट सांगितलं. नवे घेताना रुंदी वाढवायची नाही, कारण रुंद टायर सहसा जास्त आवाज करतो. नक्षी मऊ रबराची आणि बारीक ठोकळ्यांची बघायची. युरोपात टायरच्या लेबलवर आवाजाचे डेसिबल छापलेले असतात. ते मोजमाप गाडीबाहेरच्या आवाजाचं असलं तरी दोन टायरांत निवड करायला उपयोगी पडतं. आपल्याकडे दुकानात हा आकडा क्वचित सांगता येतो, तरी उत्पादकाच्या माहितीत मिळतो का ते बघावं. टायरच्या आत स्वतः फोम चिकटवण्याचे व्हिडिओ दिसतात, त्या वाटेला जाऊ नये. कारखान्यात बसवलेला फोम वेगळा. घरी चिकटवलेला सुटतो, चाकाचा तोल बिघडवतो आणि उष्णता कोंडतो.

टायर, हवा आणि माळ्यावरून उतरवलेला पार्सल ट्रे, एवढ्यावर एक फेरी झाली. दादाच्या बायकोने मागे बसून सांगितलं की निम्मं काम झाल्यासारखं वाटतंय. ॲपवर अडीच-तीन डेसिबल उतरले होते. शिळेच्या पट्टीत त्याहून जास्त. आणि इथवर गाडीचा एकही स्क्रू खोललेला नव्हता.

मग दारं उघडली, आवाजासाठी कमी आणि झालेलं नुकसान निस्तरायला जास्त. दाराचं आतलं आवरण, म्हणजे डोअर पॅड, काढल्यावर दिसलं की दुकानात लावलेल्या शीट डांबराच्या होत्या, वर ॲल्युमिनियमची चकाकी. अशा पट्ट्या मुळात घराच्या छपराची गळती बंद करायला वापरतात. विदर्भातल्या मे महिन्यात, गडद रंगाच्या पत्र्यावर त्या मऊ होऊन ओघळल्या नसत्या तरच नवल. एक पूर्ण शीट सुटून दाराच्या तळाशी पडली होती आणि पाणी जायच्या दोन्ही भोकांवर बसली होती. काचेवरून उतरणारं पावसाचं पाणी दाराच्या आत जातं आणि तळाच्या भोकांतून बाहेर पडतं, तशी दाराची रचनाच असते. भोकं बुजली की दार आतून गंजतं. त्याहून वाईट, दाराच्या आतल्या पत्र्यावरचा प्लास्टिकचा कागद फाडून फेकून दिला होता. तो कागद पाणी अडवतो, तसाच हवेतून येणारा आवाजही. तो काढला की पॅडमागच्या मोठमोठ्या भोकांतून दाराची पोकळी थेट गाडीत उघडते. म्हणजे दारं करून घेतल्यावर शीळ थोडी वाढली असण्याचीच शक्यता जास्त.

भोकांचं गणित निर्दयी आहे. एखाद्या आडोशाच्या क्षेत्रफळापैकी एक टक्का जरी उघडं राहिलं, तरी बाकीचा आडोसा शिशाचा असला तरी एकूण अडवणूक २० डेसिबलच्या वर जात नाही. म्हणून माझा क्रम ठरलेला असतो: आधी भोकं, मग वजन, मग शोषण. दुकानांचा क्रम उलटा असतो, कारण भोक बुजवण्याचं बिल लावता येत नाही.

डांबर पहाटे, पत्रा थंड असताना, प्लास्टिकच्या उलथन्याने खरवडलं. थंडीत ते ठिसूळ होऊन तुकड्यांनी निघतं. उरलेलं चिकट रॉकेलच्या फडक्याने पुसलं आणि त्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा हात फिरवला. रॉकेल किंवा डिझेलचा तेलकट थर राहिला तर नवं काही चिकटत नाही. बाहेरच्या पत्र्याच्या मधोमध ब्युटाइल रबराच्या शीटचे दोन-दोन तुकडे लावले, त्याहून जास्त नाही. आतल्या पत्र्यावर जाड प्लास्टिकचा नवा कागद कापून ब्युटाइलच्या दोरीने कडेकडेने पक्का बसवला, काच चढवणाऱ्या मशीनच्या सळ्या आणि वायरी मोकळ्या राहतील अशा बेताने. या गाडीच्या दारांत धडक ओळखणारे सेन्सर नव्हते. काही गाड्यांच्या दारात असतात, आणि ते दाराच्या पोकळीतला हवेचा दाब वाचतात. तसं असेल तर कंपनीच्या मूळ कागदात फेरफार करायचा नाही, जसा होता तसाच नवा आणून लावायचा.

दारांच्या कडेच्या रबराची, म्हणजे बीडिंगची, परीक्षा दहाच्या नोटेने होते. नोट मध्ये धरून दार लावायचं आणि ओढायची. सहज सुटून आली तिथे बीडिंग दाबलं जात नाही. वाऱ्याची सळसळ नेमकी कुठली, हे बघायला रंगारी वापरतात ती कागदी चिकटपट्टी मागच्या एका दाराच्या फटीवर बाहेरून लावून फेरी मारली. सळसळ गेली, म्हणजे तेच दार. मूळ बीडिंग बसकं झालं होतं, तिथे नवीन बसवलं. बाजारात मिळणारी डी आकाराची जादा पट्टी सगळ्या दारांना सरसकट लावायचा मोह होतो, पण दार मग जोराने आपटावं लागतं, बिजागऱ्या आणि कुलूप कुरकुरतात, आणि उन्हात वर्षभरात पट्टी सुटून लोंबते.

खरं काम डिकीत झालं.

सामानात वेगवेगळ्या तीन गोष्टी होत्या आणि प्रत्येकीचं काम वेगळं. ब्युटाइलची शीट पत्र्याचं थरथरणं मारते. स्टीलचं ताट वाजवून त्याला बोट लावलं की नाद तुटतो, त्यातलाच प्रकार. बोट ताटभर ठेवावं लागत नाही, तसंच पत्राही पूर्ण मढवावा लागत नाही. पाव ते एक तृतीयांश भाग झाकला की बराचसा फायदा पदरात पडतो, पुढचं बहुतेक वजन आणि खर्च. बोटाच्या पेराने टकटक करत जायचं. जिथे पत्रा टणटण वाजतो तिथे तुकडा, जिथे आधीच बद्द वाजतो तिथे नको. चिकटवल्यावर हाताच्या रोलरने वरच्या ॲल्युमिनियमची नक्षी सपाट होईपर्यंत दाबायचं, नाहीतर खाली हवा राहते आणि शीट नुसती शोभेची ठरते. ब्युटाइल म्हणून डांबर विकलं जातंय अशी शंका आली तर नमुन्याचा तुकडा उन्हात तापलेल्या बोनेटवर तासभर ठेवावा. डांबराचा वास लपत नाही.

दुसरी गोष्ट वजनदार व्हिनाइल. हे अडवण्याचं काम करतं. ०.७ मिलिमीटरच्या पत्र्याचं वजन चौरस मीटरला साडेपाच किलो भरतं. चौरस मीटरला पाच किलोचं व्हिनाइल त्यावर टाकलं की वजन जवळपास दुप्पट होतं, आणि वजन दुप्पट झालं की अडवणूक कागदावर सहा डेसिबलने वाढते. प्रत्यक्षात ती पुरी मिळत नाही, पण वजनाला पर्याय नाही. 'हलकं आणि तरीही आवाज अडवणारं' असं काही कोणी विकत असेल तर पुढच्या दुकानात जावं. व्हिनाइल पत्र्याला घट्ट चिकटवायचं नसतं, मध्ये बंद पेशींच्या फोमचा पातळ थर घालून ते तरंगतं ठेवायचं. हा फोम तिसरी गोष्ट. पाणी पीत नाही म्हणून बंद पेशींचा. गादीतला स्पंज, कापूस, जुनी सतरंजी यांपैकी काहीही नको, पहिल्याच पावसाळ्यात ओलं होऊन कुजतं आणि खालचा पत्रा खातं.

फोम आवाज पिऊन टाकतो ही समजूत फार पसरली आहे. एखादा थर आवाज नीट शोषायला त्याची जाडी लहरीच्या पाव लांबीच्या आसपास लागते. २३० हर्ट्झची लहर दीड मीटर लांब, पाव म्हणजे ३७ सेंटिमीटर. सेंटिमीटरभर फोम त्या घुमण्याला काय करणार? तो उपयोगी पडतो अडीच-तीन हजार हर्ट्झच्या वर, सळसळ आणि किरकिर मऊ करायला.

डिकीचा गालिचा, बाजूची प्लास्टिकं, स्टेपनी, जॅक, सगळं बाहेर काढलं. प्लास्टिकच्या क्लिपा लाकडी चपट्या काडीने उचकटल्या तर तुटत नाहीत, तरीही दोन-चार जादा आणून ठेवाव्यात. स्टेपनीचा खळगा टकटक केला तर ढोलासारखा वाजत होता. त्याच्या तळाशी आणि दोन्ही कमानींच्या माथ्यावर ब्युटाइल लागलं. खळग्याच्या मधल्या भोकाचं रबरी बूच गायब होतं, त्यातून खालचा रस्ता दिसत होता. नव्या बुचाला चहाच्या कपाइतके पैसे पडले. वायरी आत येतात तिथलं एक ग्रोमेट, म्हणजे भोकातली रबरी कडी, जागेवरून सरकलं होतं, तेही बसवलं. मग कमानींवर फोम आणि त्यावर व्हिनाइल, जमेल तिथे एका तुकड्यात, सांधा आलाच तर कडा एकमेकांवर चढवून.

इथे एक जागा अशी आहे की उत्साही माणूस तिथे हमखास चुकतो. मागच्या बंपरच्या आड, डिकीच्या कोपऱ्यात, रबरी पाकळ्यांची एक जाळी असते. दार लावताना आणि एसीचा पंखा चालू असताना आतली हवा तिथून बाहेर पडते. आवाजही तिथूनच येतो, म्हणून ती बुजवावीशी वाटते. बुजवली तर दार लागताना कानात दडा बसतो, काचांवर वाफ धरते आणि एसीची हवा मागे पोचेनाशी होते. जाळी मोकळी ठेवून तिच्यासमोर, हवेपुरती जागा सोडून, बाजूच्या प्लास्टिकच्या आतून फेल्ट लावलं. हवेला वळसा मिळतो, आवाजाला थोडा अडसर.

बाहेरून, मागच्या चाकांच्या कमानींना याच मॉडेलच्या वरच्या प्रकारात येणारं फेल्टचं लायनर मिळालं, ते भोकं न पाडता बसलं. पावसाळ्यात कमानीवर उडणाऱ्या पाण्याचा आणि खडीचा जो तडतडाट व्हायचा, तो यानेच गेला. एकूण प्रकरणात पैशाच्या मानाने हा सर्वांत चांगला सौदा होता, आणि दुकानदाराच्या यादीत त्याचं नाव नव्हतं.

छप्पर केलं नाही. छपराला ब्युटाइल लावलं तर पावसाचा ताशा खरंच शांत होतो, कोकणात राहणाऱ्याने त्याचा विचार करावा. पण रस्त्याचा आवाज छपरातून येत नाही. शिवाय छपराचं अस्तर काढताना घडी पडली की ती जन्मभर दिसते, आणि पडदा-एअरबॅग असलेल्या गाडीत ती अस्तराच्या कडेला गुंडाळून ठेवलेली असते. खांबांच्या प्लास्टिकमागेही तीच. तिच्या वाटेत जादा थर अडकवणं म्हणजे ऐन वेळी ती चुकीच्या दिशेने उघडण्याची सोय. पुढचा तळही केला नाही. त्यासाठी पुढच्या सीट काढाव्या लागतात आणि सीटखाली पिवळ्या सॉकेटच्या वायरी असतात. त्या एअरबॅगच्या. बॅटरी सोडवून, थांबून, मगच त्यांना हात लावायचा असतो, आणि हे घरच्या अंगणात करण्यासारखं काम नव्हे. बोनेटच्या आतून साधा फोम लावण्याचा सल्ला मिस्त्रीने दिला होता. इंजिनाच्या डोक्यावर पेटू शकणारी वस्तू लावायची नसते, विषय तिथेच संपला.

दुरुस्तीनंतर त्याच टप्प्यावर, त्याच दिशेने, काचा बंद, एसीचा पंखा दोनवर, फोन मागच्या सीटच्या डोक्यापाशी, अशी फेरी मारली. अगदी सुरुवातीच्या मानाने शंभरला पाच डेसिबलच्या आसपास उतार दिसला. त्यातला निम्म्याहून जास्त टायर, हवा आणि ट्रे यांचा. शिळेचा उंचवटा बराच बसला. २३०चं घुमणं मात्र थोडंच कमी झालं, कारण टायरचं माप तेच आहे आणि ते ज्या वाटेने येतं ती सस्पेन्शनची वाट आम्ही बदललेली नाही. सांध्यांची टकटक आहे तशीच. गाडीचं वजन दहा-अकरा किलोंनी वाढलं, म्हणजे बियाण्यांच्या दोन-चार थैल्यांइतकं. टायर सोडले तर खर्च दुकानाने दारांना घेतला होता त्याहून कमी.

आत्या आता मागून बोलते आणि तिला उत्तर मिळतं. दादाचं समाधान तेवढं झालेलं नाही, कारण त्याला घुमणंच खुपत होतं. त्याला मी वेगाचा हिशेब दाखवला. टायरचा आवाज वेगाबरोबर असा वाढतो की १२० वरून १०० वर आलं की अडीच-तीन डेसिबल आपोआप उतरतात, वाऱ्याचा आवाज त्याहून जास्त उतरतो. बदल्यात दर शंभर किलोमीटरला दहा मिनिटं जास्त जातात. समृद्धीवर कारला १२०ची मुभा आहे, सक्ती नाही. हा उपाय त्याने ऐकून घेतला, मानला असं म्हणता येणार नाही.

एक नवी तक्रार मात्र निघाली. मोठा आवाज खाली गेल्यावर त्याच्याखाली दबलेले बारीक आवाज वर आले. मागच्या सीटची कडी खडखडत होती, तिच्या लोखंडी कमानीला कापडी चिकटपट्टी गुंडाळल्यावर थांबली. डॅशबोर्डमध्ये उजवीकडे कुठेतरी एक टिकटिक आहे, सकाळी गारव्यात येते आणि गाडी तापली की जाते. प्लास्टिक आकुंचन पावल्यावर दोन कडा घासतात, तिथे फेल्टची पट्टी लागेल. त्यासाठी अर्धा डॅश उतरवावा लागेल, आणि तो उतरवायचा की टिकटिकीसकट गाडी चालवायची, यावर दादा आणि वहिनींचं अजून एकमत झालेलं नाही.